पाणी चौतीस फुटांवर का अडलं?

आज आपल्याला बोलायचंय ते 'दाब' या एका शब्दावर. हा शब्द दिवसातून किती वेळा कानावर येतो ते आठवून बघा. कुकरने प्रेशर धरलं नाही म्हणून डाळ कच्ची राहिली. आशाताई येऊन सासूबाईंचा रक्तदाब बघून गेल्या. रेडिओवर सांगितलं, बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा तयार झालाय, म्हणजे काढलेलं सोयाबीन झाकून ठेवा. शब्द एकच, पण हा दाब पहिल्यांदा कुणाच्या लक्षात आला आणि त्यांनी तो मोजला कसा, हे आपल्याला कुणी गोष्टीसारखं सांगितलेलं नाही. पुस्तकात नियम होते, त्याखाली गणितं होती, आणि मग परीक्षा. गोष्ट राहून गेली. आमच्या गटांच्या बैठकीत कुकरवरून एकदा बोलणं निघालं, तेव्हा ठरलं की हा विषय रेडिओवर घ्यायचाच.

गोष्ट सुरू होते पाण्याच्या पंपापाशी. पण गाव आपलं नाही, इटलीतलं आहे, आणि काळ शिवाजी महाराजांच्या बालपणाचा.

तिथे तेव्हा विहिरीतून आणि खाणीतून पाणी काढायला हाताने ओढायचे पंप होते. वर दट्ट्या, खाली पाण्यात सोडलेली नळी. दट्ट्या वर ओढला की नळीतून पाणी चढतं. का चढतं? तेव्हाच्या पंडितांचं उत्तर ठरलेलं होतं: निसर्गाला रिकामी जागा खपत नाही, म्हणून दट्ट्याच्या मागे पाणी धावतं. दोन हजार वर्षं हेच शिकवलं जात होतं. पण पंप बसवणाऱ्या कारागिरांना एक गोष्ट माहीत होती, जी पंडितांना नव्हती. पंप कितीही चांगला असो, वायसर कितीही घट्ट असो, ठरावीक उंचीच्या वर पाणी चढतच नाही. त्यांच्या मापाने ते १८ हात, आपल्या हिशेबात साधारण ३४ फूट. त्यापुढे दट्ट्या ओढत राहा, पाणी जागचं हलत नाही. निसर्गाला रिकामी जागा खपत नसेल, तर ती ३४ फुटांपर्यंतच खपत नाही आणि पुढे खपते, असं कसं?

गॅलिलिओ हे नाव आपण ऐकलेलं आहे. त्यांनी १६३८ च्या आपल्या पुस्तकात ही कारागिरांची अडचण लिहून ठेवली. त्यांना वाटलं, लांब दोर जसा स्वतःच्याच वजनाने तुटतो, तसा पाण्याचा खांब स्वतःच्या वजनाने तुटत असेल. एवढा मोठा माणूस, पण इथे त्यांचं उत्तर चुकलं. बरोबर उत्तर दिलं ते त्यांच्या अखेरच्या दिवसांत त्यांच्याजवळ राहिलेल्या तरुणाने, टॉरिचेलीने.

टॉरिचेलीने विचार केला तो उलट्या बाजूने. पाणी वरून ओढलं जात नसेल, खालून ढकललं जात असेल तर? विहिरीतल्या पाण्यावर हवा बसलेली आहे. हवेला वजन आहे. आपण समुद्राच्या तळाशी राहणाऱ्या माशांसारखे हवेच्या समुद्राच्या तळाशी राहतो, आणि त्या सगळ्या हवेचा भार पाण्यावर पडतो. नळीतली हवा काढली की नळीतल्या पाण्यावरचा भार जातो, बाहेरचा तसाच राहतो, आणि तो बाहेरचा भार पाण्याला नळीत वर ढकलतो. शहाळ्याचं पाणी नळीने पिताना आपणही हेच करतो. आपण तोंडात फक्त जागा करून देतो, पाणी वर ढकलते ती बाहेरची हवा. तिची ताकद ३४ फूट पाणी तोलण्याइतकी आहे. तिथे तराजू सारखा होतो आणि पाणी थांबतं.

आता हे खरं की खोटं, हे बघायला ३४ फुटांची नळी घेऊन बसणं अवघड. म्हणून पारा घेतला. पारा पाण्यापेक्षा १३.६ पट जड. म्हणजे पाण्याच्या खांबापेक्षा पाऱ्याचा खांब १३.६ पट बुटका हवा. ३४ फूट म्हणजे सुमारे १०.३ मीटर. भागाकार करून बघा, ७६ सेंटिमीटरच्या आसपास येतो. १६४३-४४ च्या सुमारास फ्लॉरेन्समध्ये एका बाजूने बंद असलेली काचेची नळी पाऱ्याने काठोकाठ भरली, तोंडावर बोट धरून पाऱ्याच्या वाटीत उलटी केली आणि बोट काढलं. पारा थोडा खाली उतरला आणि वाटीतल्या पाऱ्यापासून ७६ सेंटिमीटरवर थांबला. हिशेबाने सांगितलं तिथेच. हाच पहिला वायुदाबमापी, ज्याला बॅरोमीटर म्हणतात.

वजनात सांगायचं तर प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर हवा साधारण एक किलोचा भार टाकते. आपला तळहात १०० चौरस सेंटिमीटर धरला, तर तळहातावर १०० किलो. पोतंभर ज्वारी! हात मोडत नाही, कारण हवा खालूनही तेवढ्याच जोराने वर दाबते आणि शरीराच्या आतही तेवढाच दाब आहे.

तरी लोक सहजासहजी मानत नव्हते. हवेचं वजन कुणी पाहिलंय? तेव्हा फ्रान्समध्ये पास्कल नावाचा हुशार पण सतत आजारी माणूस होता. तो म्हणाला, आपण जर हवेच्या समुद्राच्या तळाशी असू, तर डोंगरावर चढलं की समुद्र कमी खोल होईल. म्हणजे डोंगरावर पारा खाली उतरायला हवा. स्वतःच्याने चढवेना, म्हणून त्याने थोरल्या बहिणीच्या यजमानांना, पेरिए दाजींना पत्र लिहिलं. त्यांच्या क्लेरमाँ गावाजवळ प्युई द डोम नावाचा डोंगर आहे. दाजींना सवड मिळायला दहा महिने गेले, पण काम त्यांनी असं चोख केलं की आम्हाला या सगळ्या इतिहासात तेच जास्त आवडले.

१९ सप्टेंबर १६४८. दाजींनी गावातली काही प्रतिष्ठित माणसं साक्षीला घेतली. दोन सारख्या नळ्या, एकाच पाऱ्याने भरलेल्या. दोन्हींत पारा सारखाच थांबला. मग एक नळी खालीच मठाच्या बागेत ठेवली आणि एका साधूबुवांना सांगितलं, दिवसभर इथून हलायचं नाही, पारा वरखाली होतो का ते बघत राहायचं. दुसरी नळी घेऊन मंडळी डोंगरावर चढली. सुमारे हजार मीटर वर गेल्यावर पारा साडेआठ सेंटिमीटर खाली आलेला होता. दाजींनी तिथे एकदा मोजून सोडलं नाही. उघड्यावर मोजलं, आडोशाला मोजलं, धुकं आलं तेव्हा मोजलं. प्रत्येक वेळी तेवढंच. खाली येऊन बुवांना विचारलं, तर त्यांचा पारा दिवसभर जागेवरच होता. त्या खाली ठेवलेल्या नळीमुळे कुणाला म्हणता आलं नाही की हवामान बदललं म्हणून पारा उतरला असेल. आपण नवीन खत एका वाफ्याला घालतो आणि शेजारचा वाफा तसाच ठेवतो, तेच हे.

आपल्या कळसूबाईवर नळी नेली तर पारा ६३ सेंटिमीटरच्या आसपास थांबेल. महाबळेश्वरला पाणी ९५-९६ अंशांनाच उकळतं, कारण वाफेला दाबून धरणारा हवेचा भार कमी. म्हणून तिथे उघड्या पातेल्यात डाळ शिजायला वेळ लागतो.

आता मधेच आपल्याकडे येऊ, कारण ३४ फुटांच्या या अडचणीने आपल्या बायकांचं पाणीही अडवलेलं आहे.

आमच्या भागातल्या एका गटाने सामायिक भाजीपाल्यासाठी विहिरीच्या काठावर मोटार बसवली होती. फेब्रुवारीपर्यंत ठीक चाललं. मार्चमध्ये पाणी खोल गेलं आणि मोटार नुसती घुमू लागली, पाणी येईना. दुकानदार म्हणाला, मोटार लहान पडते, पाच हॉर्सपॉवरची घ्या. गटाच्या खात्यातले पैसे काढायचं जवळजवळ ठरलं होतं. तेवढ्यात गटातल्या एक काकू म्हणाल्या, "भाऊ, मोटार मोठी झाली म्हणून विहिरीवरची हवा मोठी होणार आहे का?" म्हणजे असं नेमक्या शब्दांत नाही म्हणाल्या. त्या म्हणाल्या, "आमचे मामंजी उन्हाळ्यात इंजिन दोराने विहिरीत खाली उतरवायचे, ते का?" दुकानदाराला उत्तर देता येईना. गटाने मोटार विहिरीतल्या टप्प्यावर खाली घेतली, आणि तीच जुनी मोटार पाणी द्यायला लागली.

मैत्रिणींनो, काठावर बसलेली कुठलीही मोटार, एकची असो की दहाची, पाणी ओढून घेते तेव्हा ते खरं तर बाहेरच्या हवेनेच ढकललेलं असतं. समुद्रकाठी ती मर्यादा ३४ फूट. आपल्या पठारावर हवा थोडी विरळ, म्हणून ३२ च्या आसपास. आणि पाइपातली गळती, फुटव्हॉल्व्ह, पाण्याचं घासणं हे सगळं धरलं तर प्रत्यक्षात २०-२५ फुटांच्या खालून पाणी ओढायची आशा धरू नये. वर ढकलायचं असेल तर मोठी मोटार कामाची. खालून ओढायला मोठी मोटार काही कामाची नाही. तिला पाण्याजवळ न्यायचं, नाहीतर पाण्यातली मोटार घ्यायची.

हातपंपाचंही तसंच. महाराष्ट्रात १९६० नंतर कठीण दगडात बोअर घेणं सुरू झालं आणि १९७२ च्या दुष्काळात तर गावोगावी बोअर पडले. बोअरमधलं पाणी शंभर-शंभर फूट खोल. तिथे ओढणारा पंप चालणारच नाही. म्हणून दट्ट्या असलेलं सिलिंडर पाइपाच्या टोकाला, थेट पाण्याच्या आत सोडतात आणि वरच्या दांड्यापासून तिथपर्यंत सळई जोडतात. आपण दांडा दाबतो तेव्हा खालचा दट्ट्या पाणी उचलून वर आणतो. हवेच्या भरवशावर काम राहत नाही. पण मग सगळं ओझं सळईवर, सांध्यांवर आणि आपल्या खांद्यांवर येतं. सुरुवातीचे ओतीव लोखंडाचे पंप परदेशातल्या एकेका कुटुंबासाठी बेतलेल्या नमुन्यावरून केलेले होते. आपल्याकडे त्यावर सकाळपासून रात्रीपर्यंत अख्खं गाव. ते मोडून पडले, आणि बायका परत जुन्या आडावर. ही अडचण सोडवायला जालन्याच्या मिशनमधल्या लोकांनी सुधारलेला पंप केला, तो 'जालना पंप'. त्यानंतर सोलापुरात आणखी मजबूत पंप तयार झाला, दांड्याला साखळी आणि बेअरिंग असलेला. त्याच सोलापूर पंपावरून १९७० च्या दशकात युनिसेफ आणि भारत सरकार यांनी मिळून 'इंडिया मार्क टू' हातपंप घडवला. तो पुढे कितीतरी देशांत गेला. शाळेजवळ, देवळामागे आपण जो बघतो तो बहुधा हाच. त्याच्या उगमात जालना आणि सोलापूर आहे, हे आपल्या मुलींना माहीत असायला हवं असं आम्हाला वाटतं.

असो. परत त्या काळात जाऊ. टॉरिचेलीने मोकळ्या हवेचा दाब मोजला. पण कोंडलेल्या हवेचं काय? तिचा दाब कसा बदलतो?

हा शोध इंग्लंडमध्ये लागला. रॉबर्ट बॉइल हे आयर्लंडमध्ये जन्मलेले श्रीमंत घरचे गृहस्थ. हवा कशी असते हे सांगताना त्यांनी लोकरीची उपमा वापरली. लोकरीचा गोळा मुठीत दाबला की बसतो, सोडला की फुगतो. गोधडी भरताना कापूस दाबून बघा, तेच. हवाही अशी स्प्रिंगसारखी आहे, असं त्यांचं म्हणणं. मग त्यांनी इंग्रजी 'जे' अक्षरासारखी वाकवलेली काचेची नळी घेतली. आखूड बाजू बंद, तिथे थोडी हवा कोंडलेली. लांब बाजूने पारा ओतत जायचा आणि कोंडलेली हवा किती दबते ते मोजायचं. नळी इतकी लांब लागली की ती खोलीत मावेना, जिन्यात उभी करावी लागली. पहिली नळी फुटलीही.

१६६२ मध्ये त्यांनी आपला तक्ता छापला. सुरुवातीला कोंडलेल्या हवेवर २९ इंच पाऱ्याचा दाब होता. हवा दाबून अर्ध्या जागेत आणायला किती दाब लागला? ५८ इंचांच्या थोडासाच वर. म्हणजे जागा निम्मी केली की दाब दुप्पट. जागा पाव केली की चौपट. तापमान तेच राहिलं, तर दाब आणि जागा यांचा गुणाकार कायम राहतो. यालाच बॉइलचा नियम म्हणतात. चुलीपुढच्या फुंकणीइतका साधा नियम, पण तो आकड्यांत मांडायला जिन्यावर उभं राहून पारा ओतावा लागला. बॉइल यांनी एक चांगली गोष्ट केली: ही कल्पना आधी दुसऱ्याने सुचवली होती, हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलं. त्यांचं उपकरण बनवणारा रॉबर्ट हूक हाही पुढे मोठा शास्त्रज्ञ झाला.

आणखी एक गोष्ट पुस्तकात नसते. १६६८ पासून मरेपर्यंत बॉइल लंडनला आपल्या थोरल्या बहिणीच्या, कॅथरिनच्या घरी राहिले. लेडी रॅनले म्हणून ती ओळखली जायची. औषधांची जाणकार, विद्वानांशी बरोबरीने बोलणारी बाई. भावाची प्रयोगशाळा तिच्याच घरात होती. १६९१ च्या डिसेंबरात ती गेली आणि तिच्यामागे आठवड्याभरात भाऊही गेला. नियमाला नाव भावाचं आहे.

याच काळात बॉइल यांच्याकडे फ्रान्सहून आलेला एक मदतनीस होता, डेनिस पापिन. आणि मैत्रिणींनो, आपल्या स्वयंपाकघराला ज्याचं ऋण आहे तो हा माणूस. पाणी डोंगरावर कमी दाबात लवकर उकळतं, तर मग दाब वाढवला तर उशिरा उकळेल, जास्त गरम होईल, आणि त्या जास्त गरम पाण्यात अन्न लवकर शिजेल. १६७९ मध्ये त्याने लंडनच्या रॉयल सोसायटीला घट्ट झाकणाचं जाड भांडं दाखवलं. कडक हाडंसुद्धा त्यात मऊ व्हायची. १६८२ च्या एप्रिलमध्ये त्याने सोसायटीच्या लोकांना त्या भांड्यात शिजवलेलं जेवण वाढलं. तिथे जेवलेल्या जॉन एव्हलिन यांनी रोजनिशीत नोंद केली की हाडं चीजसारखी मऊ झाली होती आणि कोळसा अगदी थोडा लागला. टाकून दिलेल्या हाडांतून गरिबांच्या पोटात काहीतरी जावं, हा पापिनचा हेतू होता. पुढे तो स्वतःच लंडनमध्ये गरिबीत मेला.

त्या भांड्याची खरी करामत झाकणावर होती. पापिनने झाकणाला भोक ठेवलं आणि त्या भोकावर वजन लावलेला दांडा टेकवला. आतला दाब वजनापेक्षा जास्त झाला की वाफ वजन उचलून बाहेर पडायची. आपल्या कुकरची शिट्टी हीच. हिशेब करून बघू. आपल्याकडचे कुकर बाहेरच्या हवेपेक्षा चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलो जास्त दाबावर चालतात, आणि तेवढ्या दाबात पाणी १२० अंशांपर्यंत तापतं. शिट्टीखालचं भोक ३ मिलीमीटर रुंद असेल तर त्याचं क्षेत्रफळ ०.०७ चौरस सेंटिमीटर. एक किलोला ०.०७ ने गुणलं की ७० ग्रॅम. म्हणजे ७० ग्रॅमची शिट्टी त्या कुकरचा दाब राखून आहे. शिट्टी हलकी वाटते म्हणून तिच्यावर उलथनं ठेवणं, किंवा हरवली म्हणून दुसऱ्या कुकरची घालणं, याचा अर्थ आता कळेल. ७० ग्रॅमच्या जागी १४० ग्रॅम ठेवले तर आतला दाब दुप्पट होईपर्यंत वाफ बाहेरच पडणार नाही. साध्या घरगुती कुकरच्या २० सेंटिमीटर रुंद झाकणावर एक किलोच्या दाबाने तीनशे किलोच्या वर जोर बसलेला असतो. तो सहाशे झाला तर?

शिट्टीचं भोक चोंदलं तर दुसरा उपाय म्हणून झाकणावर सेफ्टी व्हॉल्व्ह असतो. त्यात लवकर वितळणारा धातू असतो. पाणी आटून कुकर फार तापला की तो वितळतो आणि वाफ निघून जाते. तो उडाला की तिथे खिळा, एम-सील, चिंधी असलं काही बसवायचं नाही. त्याच कंपनीचा नवा घालायचा. पोषण आहार शिजवणाऱ्या गटांनी तर महिन्यातून एकदा शिट्टीच्या नळीतून आरपार उजेड दिसतो का, हे बघावंच.

आता उष्णतेचा भाग. पॅरिसला आमोंताँ नावाचा उपकरणं बनवणारा कारागीर होता, लहानपणापासून ऐकू न येणारा. १७०२ च्या सुमारास त्याने दाखवलं की कोंडलेली हवा उकळत्या पाण्यात तापवली की तिचा दाब सुमारे एक तृतीयांशाने वाढतो. नंतर फ्रान्समध्येच चार्ल्स आले. त्यांचं लक्ष होतं फुग्याकडे. लोखंडाच्या तुकड्यांवर आम्ल ओतून त्यांनी हायड्रोजन वायू तयार केला, रेशमी कापडाच्या फुग्यात भरला आणि २७ ऑगस्ट १७८३ ला पॅरिसमधून तो रिकामाच आकाशात सोडला. वर दाब कमी, त्यामुळे आतला वायू फुगत गेला, बॉइलच्या नियमाने. तोंड बांधलेलं, वायूला वाट नाही. शेवटी कापड फाटलं आणि फुगा गोनेस नावाच्या खेड्याजवळ शेतात पडला. आकाशातून धापा टाकत काहीतरी आलेलं बघून गावकरी घाबरले, आणि काटे-सुऱ्या घेऊन त्यांनी त्याच्या चिंध्या केल्या. त्या गावकऱ्यांना हसावंसं वाटतं खरं, पण कुणी त्यांना आधी सांगितलंच नव्हतं. डिसेंबरमध्ये चार्ल्स स्वतः फुग्यातून वर गेले, तेव्हा किती उंच आलो हे कळायला त्यांनी सोबत बॅरोमीटर नेला होता. पुढच्याच वर्षी, १७८४ मध्ये, एलिझाबेथ तिब्ल ही बाई लियाँ शहरातून गरम हवेच्या फुग्यातून उडाली. फुग्यातून मोकळं उडणारी ती पहिली स्त्री.

चार्ल्स यांनी वायू तापवला की किती पसरतो हे मोजलं, पण छापलं नाही. १८०२ मध्ये गे-ल्युसॅक यांनी ते काम नीट करून प्रसिद्ध केलं आणि श्रेय चार्ल्सना दिलं. नियम असा: दाब तोच ठेवला, तर दर एका अंशाला वायू, शून्य अंशाला त्याने जेवढी जागा घेतली होती त्याच्या २७३ व्या भागाइतका पसरतो. जागा वाढू दिली नाही, तर त्याच प्रमाणात दाब वाढतो.

हा नियम आपल्या डब्यात रोज घडतो. गरम उपीट स्टीलच्या डब्यात भरलं, झाकण घट्ट लावलं, आणि निवल्यावर झाकण काही केल्या निघेना. आत ८० अंशांची हवा होती, ती ३० वर आली. दाब सातव्या भागाने घटला. झाकण १० सेंटिमीटर रुंद असेल तर बाहेरची हवा त्यावर १०-११ किलोने जास्त दाबते आहे, आणि वाफेचं पाणी झालेलं असेल तर त्याहून जास्त. तिथे दात लावायचे नाहीत, चमचा मारायचा नाही. डबा गरम पाण्यात क्षणभर धरला की आतली हवा पुन्हा फुगते आणि झाकण सुटतं.

मात्र हा नियम गॅसच्या टाकीला लावायचा नाही, हे मुद्दाम सांगतो. टाकीत वायू थोडा आणि द्रव जास्त असतो. जळलेल्या वायूच्या जागी द्रवातून नवा वायू तयार होत राहतो, म्हणून द्रव संपेपर्यंत टाकीतला दाब जवळजवळ सारखाच राहतो. अर्धी वापरली म्हणून दाब अर्धा होत नाही. टाकी किती उरली हे कळायला वजनच करावं लागतं. रिकाम्या टाकीचं वजन टाकीवर लिहिलेलं असतं, घरगुती टाकीत त्यावर १४.२ किलो गॅस. थंडीत ज्योत मंद होते, कारण गार द्रवाची वाफ कमी होते. पण म्हणून टाकी गरम पाण्यात ठेवणं, चुलीजवळ नेणं किंवा आडवी करणं जिवावर बेतू शकतं. द्रव तापला की त्याच्या वाफेचा दाब साध्या हवेपेक्षा फार झपाट्याने वाढतो.

मोजण्याच्या साधनांचं थोडं सांगतो. पारा सगळीकडे नेता येत नाही. १८४९ मध्ये पॅरिसच्या बूर्दाँने पितळी वाकडी नळी वापरून काट्याचं मीटर केलं. जत्रेत मिळणारी, फुंकली की उलगडणारी कागदी पिपाणी आठवा. दाब वाढला की नळी थोडी सरळ होते आणि काटा फिरतो. चाकात हवा भरणाऱ्याकडे काटा असतो तो बहुधा असाच. तो काटा शून्य दाखवतो तेव्हा चाकात हवा नाही असं नसतं. बाहेरइतकीच आहे, एवढाच अर्थ. रक्तदाबाचंही तसंच. १२० म्हणजे बाहेरच्या हवेपेक्षा १२० मिलीमीटर पारा जास्त. टॉरिचेलीची नळी आजही आशाताईंच्या आकड्यात आहे.

आणि शेवटी आपली पावसाची बातमी. स्वातंत्र्य मिळालं तेव्हा आपल्या हवामान खात्याला साधे पर्जन्यमापक आणि बॅरोमीटरसुद्धा परदेशातून आणावे लागत. ते इथेच बनावेत म्हणून पुण्यात काम सुरू झालं. शिमल्याहून १९२८ ला हलवलेलं ते ऑफिस, ज्याला पुणेकर अजून 'सिमला ऑफिस' म्हणतात, तिथे १९४८ मध्ये अण्णा मणी नावाच्या तीस वर्षांच्या केरळच्या बाई रुजू झाल्या. वर्कशॉपची जबाबदारी त्यांच्याकडे आली. शंभराच्या आसपास उपकरणांचे आराखडे त्यांनी ठरवून दिले आणि ती देशात बनायला लागली. पुढे त्या हवामान खात्याच्या उपमहासंचालक झाल्या.

बातमीत जे हेक्टोपास्कल म्हणतात ते त्या डोंगर न चढलेल्या पास्कलचंच नाव. समुद्रकाठी नेहमीची हवा १०१३ हेक्टोपास्कल, म्हणजे तेच ७६ सेंटिमीटर पारा. एक हेक्टोपास्कल म्हणजे साधारण एक सेंटिमीटर पाणी. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडात धडकलं, त्याच्या केंद्रात दाब ९८४ च्या आसपास उतरला होता. फरक २९ हेक्टोपास्कलचा. पाण्याच्या मापात फूटभरही नाही, पाऱ्याच्या नळीत दोन सेंटिमीटरच्या थोडा वर. तेवढ्या फरकाची जागा भरायला चारी बाजूंनी जी हवा धावली, तिने श्रीवर्धनच्या नारळी-सुपारीच्या बागा एका दुपारीत आडव्या केल्या.